वासराचा वाटा

सकाळी साडेसहाला आम्ही सोसायटीच्या चीज कारखान्यात शिरलो. रात्रीचं दूध उथळ टाक्यांत पसरून ठेवलं होतं आणि त्यावर पिवळसर साय धरली होती. चीज करणाऱ्या कारागिराला इटलीत काझारो म्हणतात. त्यानं वरची साय काढून घेतली, खालच्या दुधात सकाळचं ताजं, सायीसकट दूध मिसळलं आणि सगळं तांब्याच्या कढईत घेतलं. कढई म्हणजे देवळातली घंटा उलटी करून जमिनीत रोवावी तशी. एका कढईत अकराशे लिटरच्या आसपास दूध मावतं आणि त्यातून चीजचे दोन गोल निघतात, एकेक चाळीस किलोच्या घरातला. त्या दोघांना ते जुळे म्हणतात. पार्मिजानो रेज्जानो, ज्याला आपल्या हॉटेलांत पार्मेझान म्हणतात, ते असं जन्माला येतं.

मग त्यानं एक बादली आणली. कालच्या चीजची निवळी रात्रभर आंबवून ठेवलेली होती, ती त्यानं आजच्या दुधात ओतली. मी हरखून मोठ्यानं मराठीतच म्हणाले, "विरजण!" आमच्या घरी आई रोज रात्री कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधाला लावते. ते दही तिनं लग्नानंतर सासूकडून घेतलं, सासूनं तिच्या सासूकडून. इतक्या लांब येऊन तीच गोष्ट बघायला मिळाली म्हणून माझे डोळे भरून आले.

दूध कोमट झालं तेव्हा त्यानं एक पूड थंड पाण्यात विरघळवून कढईत सोडली आणि ढवळणं थांबवलं. दहाबारा मिनिटांत सगळं दूध थिजलं. विरजण काही इतक्या लवकर लागत नाही. मी विचारलं, हे काय घातलंत? तो म्हणाला, काल्यो. शब्द मला माहीत नव्हता. माझा चेहरा बघून त्यानं स्वतःच्या पोटावर हात ठेवला, मग खिडकीतून पलीकडच्या गोठ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, वितेल्लो. हा शब्द मात्र मी रोज मेन्यूवर वाचत होते. वासरू.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. बाराव्या वर्षी पंढरपुरात घातली, आबांच्या शेजारी बसून. आबा म्हणजे माझे आजोबा. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, चार एकर रान, दोन जर्शी गाई, घरात तीन पिढ्यांची वारी. माळ घातली की मद्यमांस वर्ज्य, एकादशी धरायची, रोज हरिपाठ म्हणायचा. अशा घरातली मुलगी हॉटेल मॅनेजमेंटला गेली याचं गावाला नवल वाटलं, पण आबांना वाटलं नाही. ते म्हणाले, चार माणसांना पोटभर घालायचं शिकायला चाललीय, त्यात वाईट काय.

कॉलेजच्या पहिल्याच सत्रात कोंबडीचे आठ तुकडे करायचं प्रात्यक्षिक आलं. मी माळ शर्टाच्या आत घेतली, कोंबडी कापली आणि त्या रात्री स्वतःपुरता एक नियम केला: हाताला लागेल ते लागेल, जिभेला लागू द्यायचं नाही. पुढे सगळी वर्षं तो नियम पुरला. २०२३च्या एप्रिलअखेर सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी इटलीला गेले तेव्हाही तोच घेऊन गेले. पार्मा शहराच्या दक्षिणेला, एन्झा नदीच्या खोऱ्यात एका कुटुंबाचं शेतावरचं घर होतं. पाच खोल्या पाहुण्यांसाठी आणि शनिवार-रविवारी चाळीस माणसांचं जेवण. मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहायचे, त्यांच्याच टेबलावर जेवायचे. घरात मुलगा, सून, कॉलेजात जाणारी नात आणि आजी. आजीला सगळे नोन्ना म्हणत, मीही म्हणू लागले. मांस खाणार नाही हे आधीच कळवलं होतं, त्यांनी ते मान्य केलं होतं. मांसाच्या रश्शाची, रागूची, चव सून बघायची आणि मला शब्दांत सांगायची: मीठ कमी, टोमॅटो अजून कच्चा. मी तिच्या शब्दांवर हात चालवायचे. सुकवलेल्या हॅमचे कागदासारखे काप मशीनवर मीच काढायचे. नियम मोडत नव्हता.

आणि कारखान्यात जाण्याआधीच्या तीन आठवड्यांत रोज दोन्ही वेळा मी चीज खाल्लं होतं. पास्त्यावर किसून, सूपमध्ये त्याची टणक पाठ उकळून, रात्री नोन्नानं सुरीच्या टोकानं फोडून दिलेला तुकडा नुसता. मला ते मनापासून आवडलं होतं. हेही सांगायला हवं.

दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या पोटात एक पाचक द्रव्य असतं, कायमोसिन. आईचं दूध पोटात गेलं की ते थिजवायचं, म्हणजे दूध झरकन पुढे वाहून न जाता पोटात टिकतं आणि वासराच्या अंगी लागतं. एवढंच त्याचं काम. वासरू गवत खाऊ लागलं की हे द्रव्य कमी होत जातं, म्हणून ते पित्या वासराच्याच पोटातून काढावं लागतं. वनस्पतीपासून किंवा बुरशीपासूनही असं द्रव्य मिळतं, आपल्याकडच्या बहुतेक चीजमध्ये तेच असतं, पण या चीजच्या नियमात वासराचंच बसतं. कारखान्यातून परत येताना गाडीत माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती. गाईनं आपल्या वासरासाठी उतरवलेलं दूध त्या तांब्याच्या कढईत शेवटी वासराच्याच पोटाला भेटलं होतं. फक्त वासरू तिथे नव्हतं.

त्या रात्री मी जेवले नाही. नोन्नाला वाटलं पोट बिघडलं असेल. तिनं मऊ भात उकडला, त्यावर लोणी घातलं आणि आजारी माणसाला ताकद यावी म्हणून वर मूठभर तेच चीज किसलं. ताट घेऊन ती जिना चढून वर आली. तिचे गुडघे दुखतात, ती एरवी वर येत नाही. मी ताट बाजूला सारलं.

आमच्या घरी वारीच्या दिवसांत अनोळखी दिंडी उतरते. कुणी जेवायला नको म्हटलं तर आई रात्रभर अस्वस्थ असते, आपलं काय चुकलं म्हणून. नोन्नाच्या चेहऱ्यावर मला आई दिसली. नातीला बोलावून मी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सगळं सांगितलं. नोन्ना ऐकत होती. मग तिनं माझ्या गळ्यातल्या माळेला बोट लावलं आणि विचारलं, "फियोरेत्तो?"

फियोरेत्तो म्हणजे छोटं फूल. मे महिना तिकडे येशूच्या आईचा, मरियेचा, असतो. त्या महिन्यात लहान मुलं मरियेसाठी काहीतरी सोडतात, साखर, चॉकलेट, खेळणं. मोठी माणसंही कुणासाठी नवस म्हणून सोडतात. सोडलेली वस्तू हेच फूल. नोन्नानं नवऱ्याच्या आजारपणात वाईन सोडली होती. तो गेला, पण तिनं पुन्हा ती घेतली नाही. मी हो म्हणून मान हलवली. तिनं ताट उचललं, खाली गेली आणि नुसत्या लोण्यावरचा दुसरा भात घेऊन पुन्हा जिना चढून आली.

लोणी चालत होतं. ते मी आधी तपासलं. साय वासराच्या त्या पुडीच्या आधी काढतात. रिकोत्ता मात्र चालत नव्हता, कारण तो चीज काढून उरलेल्या निवळीचा असतो आणि ती पूड त्यातून गेलेली असते. त्या रात्री मी वही घेऊन असे हिशेब मांडत बसले होते. दोन वाजता घरी फोन लावला. आपल्याकडे साडेपाच झाले होते, आबा काकड्याला उठलेले होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, नकळत झालं, देव माफ करतो. ते म्हणाले, "पोरी, तुला दुःख वासराचं झालंय का माळंचं?"

मला उत्तर देता आलं नाही.

"माळंचं असंल तर उद्याचा दिवस उपास कर, नाव घे, झालं. वासराचं असंल तर लई लांब जावं लागंल तुला. आपल्या तांबडीला गोऱ्हा झाला हुता, तू नववीला हुतीस तवा. त्याचं काय झालं, कधी इचारलंस?"

मी कधीच विचारलं नव्हतं. त्याच्या चिकाचा खरवस मात्र खाल्ला होता, वेलची घातलेला. गोऱ्हा महिनाभर गोठ्यात होता आणि एक दिवस नव्हता. जर्शीच्या गोऱ्ह्याला वशिंड नसतं, खांद्यावर जू बसत नाही, उन्हात तो दमतो, आणि नांगरट आता ट्रॅक्टरनंच होते. पूर्वी तो बाजारात जायचा. २०१५ पासून आपल्या राज्यात बैल आणि गोऱ्ह्याच्या कत्तलीलाही बंदी आली, गाईच्या कत्तलीवर ती आधीपासून होतीच. म्हणजे त्याला मारायचं नाही आणि पोसणं तर परवडत नाही. दुष्काळी भागातल्या ज्या घरात दोन गाई आहेत त्या घराला हे उघड न बोलता माहीत असतं. रात्रीचा एखादा टेम्पो, लांबचा घाट, नाहीतर नुसतं दूध तोडणं. डेअरीला घातलेल्या त्या दुधाच्या पिशवीवर हिरवा ठिपका असतो. तो ठिपका खोटा नाही, पण तो गोठ्यापर्यंत पोचत नाही.

इतकी वर्षं मी माळकरी म्हणून ज्या ताटाला स्वच्छ समजत होते, त्या ताटाखालीही एक वासरू होतं. इटलीतल्या वासराचं नाव निदान कृतीत होतं.

आबा गावात कीर्तन करतात, मोठे कीर्तनकार नाहीत, पण सप्ताहात एक दिवस त्यांचा असतो. सजन कसायाची कथा ते नेहमी लावतात. सजन जन्मानं आणि धंद्यानं कसाई, तराजूत वजन म्हणून त्याच्याकडे शाळिग्राम असतो. एक साधू तो बघून कळवळतो आणि सोवळ्यात ठेवायला घेऊन जातो. देव त्याच्या स्वप्नात येऊन म्हणतो, मला परत सजनाच्या तराजूत नेऊन ठेव. आणि वारकरी परंपरेत तर विठ्ठल स्वतः सजनाला मांस विकू लागतो. लहानपणी मी आबांना विचारलं होतं, देवाच्या हाताला वास आला नसेल का? आबा तेव्हा म्हणाले होते, आला असंल की, त्याशिवाय विकणं कसलं. मला ते उत्तर तेव्हा अपुरं वाटलं होतं. ज्या संप्रदायानं मांस सोडायला लावलं, त्यानंच आपला देव मांसाच्या दुकानात का बसवला? मला आता वाटतं, देव सजनाच्या दुकानात बसला म्हणून मांस निर्दोष झालं नाही, आणि सजन त्या दुकानात होता म्हणून देवाला परका झाला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवायला ती कथा सांगते. मी त्यातली सोयीची तेवढी धरली होती.

पुढचे काही दिवस मी रात्री फोनवर वाचत बसायचे. बौद्ध विनयात भिक्खूसाठी एक नियम आहे: आपल्यासाठी जनावर मारलेलं पाहिलेलं नसेल, ऐकलेलं नसेल आणि तशी शंकाही नसेल, तर भिक्षेत आलेलं मांस दोषी नाही. या नियमानं माझे तीन आठवडे सुटत होते. पतंजलींचं योगसूत्र इतकं सहज सोडत नाही. तिथे हिंसा तीन प्रकारची, स्वतः केलेली, करवलेली आणि संमती दिलेली. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर मांसाचे आठ वाटेकरी मोजले आहेत आणि त्यांत कापणारा, शिजवणारा, वाढणारा हे सगळे येतात. खाणारा त्या आठांतला फक्त एक. त्या ग्रंथाचा दाखला मी जपूनच घेते, कारण त्यातलं बाकी पुष्कळ माझ्यासारख्यांच्या घरांनी सोसलेलं आहे. पण या एका जागी त्यानं मला पकडलं. जिभेला लागू दिलं नाही म्हणजे मी बाहेर राहिले, हा माझा नियम आठांतल्या एकाच माणसापुरता होता. बाकीच्यांतल्या तीन कामांवर मी रोज सकाळी एप्रन बांधून हजर होते.

बौद्ध नियम मला खोटा वाटला नाही, पण तो भिक्षेकऱ्याचा आहे. जो दारात पात्र घेऊन उभा आहे, ज्याला निवडायचं नाही, त्यानं घरमालकिणीची चुलीपर्यंत चौकशी करू नये यात नम्रता आहे. पाहुण्याचा धर्मही तोच, वाढलं ते आनंदानं घ्यावं. स्वयंपाक करणाऱ्याचं मात्र उलट असतं. पातेल्यात काय पडलं, कुठून आलं, कशानं घट्ट झालं हे माहीत असणं हेच त्याचं काम आहे. पाहुणा डोळे मिटून जेवू शकतो, कारण कुणीतरी आत डोळे उघडे ठेवून उभं असतं. न पाहिलेलं, न ऐकलेलं ही सूट आचाऱ्याला नाही.

आणि मी त्या घरात दोन्ही होते. टेबलावर बसले की पाहुणी, ओट्याशी उभी राहिले की आचारी. इटालियनमध्ये ओस्पिते हा एकच शब्द पाहुण्यालाही लागतो आणि यजमानालाही. वाक्यावरून समजून घ्यायचं कोण कुणाकडे आलंय. नातीनं मला हे सांगितलं तेव्हा तिला ती भाषेतली गंमत वाटत होती. मला त्या उन्हाळ्यात त्या शब्दाचा आधार झाला. पाहुणीचा धर्म म्हणत होता, नोन्नानं फोडून दिलेला तुकडा घे. आचाऱ्याचा धर्म म्हणत होता, तुला आता माहीत आहे.

मी चीज खाणं सोडलं. किसणं सोडलं नाही, कारण ते सोडलं असतं तर काम सोडावं लागलं असतं, आणि काम सोडून माझ्या हातचं पाप दुसऱ्याच्या हाती दिलं असतं, एवढंच. हे उत्तर पुरं आहे असं मी म्हणत नाही. त्या दिवसांपासून किसणी हातात घेतली की मी मनात त्या वासराचं नाव घ्यायचे. त्याला नाव नव्हतं, म्हणून वितेल्लोच म्हणायचे. मेन्यूवरच्या शब्दाला मी हाक मारत होते.

मेच्या अखेरीस सुटीच्या दिवशी मी तासाभराच्या अंतरावर नोव्हेल्लाराला गेले. तिथला गुरुद्वारा २००० साली उघडला. पो नदीच्या त्या सगळ्या सपाट मुलखात गोठ्यांवर काम करणारे पुष्कळजण पंजाबी आहेत. दुधाळ गाईंच्या त्या कामाला सुटी नसते, पहाटे आणि संध्याकाळी, वर्षाचे सगळे दिवस. मी लंगरात जेवले. महिन्याभरानं डाळ जेवले आणि पोट शांत झालं. गुरू ग्रंथसाहिबात आमच्या नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि सधना कसायाचं एक पद आहे, ज्याला आपल्याकडे सजन म्हणून ओळखतात. दोघं एकाच रुमालाखाली. जेवताना शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ होते, वीस वर्षं एका गोठ्यावर. मी त्यांना वासरांचं विचारलं. ते हिंदीत म्हणाले, वासरू काढून नेलं की गाय दोन दिवस ओरडते, मालक घर लांब बांधतो, आम्ही गोठ्याशेजारी राहतो. मग म्हणाले, मी पहाटे धार काढायला जातो तेव्हा वाहेगुरू म्हणतो आणि तिच्या पाठीवर हात ठेवतो, दुसरं काय करू. घास हातात धरून ते थोडा वेळ तसेच बसले.

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची गोष्ट आहे. मिथिलेत मांस विकणारा तो व्याध तपस्वी कौशिकाला धर्म सांगतो. त्यात तो म्हणतो की नांगरणाराही जमिनीतले कितीतरी जीव मारतो, अहिंसक असा कुणीच नाही. या गोष्टीचा वापर पुष्कळ लोक सगळ्यालाच परवानगी म्हणून करतात: कुणीच शुद्ध नाही, मग खा काहीही. मला तसं वाटत नाही. व्याध स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो आणि स्वतः मांस खात नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. सगळीकडे हिंसा आहे हे ज्याला पुरतं कळलं, त्यानंही आपल्यापुरतं एक काहीतरी सोडलं होतं. नोन्नाचं छोटं फूल, माझी माळ, त्याचं न खाणं. सोडल्यानं हिशेब फिटत नाही, पण सोडलेली जागा रोज दोन वेळा आठवण करून देते की हिशेब आहे.

२३ जूनची रात्र तिकडे सान जोव्हान्नी या संताची असते. पार्माकडची माणसं त्या रात्री टेबलं अंगणात काढतात आणि उघड्यावर जेवतात, अंगावर दव पडावं म्हणून. ते दव शुभ मानतात. जेवणात तोर्तेल्ली असतात: हातानं लाटलेल्या पातळ पोळीत एर्बेत्ता नावाची पालेभाजी, रिकोत्ता आणि किसलेलं चीज भरून केलेल्या चौकोनी पुड्या, उकडून लोण्यात आणि पुन्हा चीजमध्ये बुडवलेल्या. त्यांत मांस नसतं, तरी माझ्यासाठी त्यातलं काहीच उरत नव्हतं. मी काही बोलले नव्हते. आमच्याकडे साठ माणसं यायची होती आणि दोन दिवस सगळं घर पोळ्या लाटत होतं.

दुपारी नोन्ना एक वेगळी परात घेऊन बसली. तिनं बटाटे उकडून चाळणीतून काढले होते. डोंगराकडच्या गावांत बटाट्याच्या तोर्तेल्ली करतात, ते तिला माहेरून माहीत होतं, पण त्यातही चीज घालतात. ते तिनं वगळलं होतं. एर्बेत्ता, बटाटा, जायफळ, मीठ. चव घेऊन तिनं तोंड वाकडं केलं. चीजशिवाय सारणाला धरून ठेवणारं काही नव्हतं, चवीला आणि हातालाही. तिनं साठ वर्षांत असं सारण केलं नव्हतं. थोडा वेळ ती परातीकडे बघत राहिली, मग उठून बदाम घेऊन आली, भाजले, कुटले आणि घातले. पुन्हा चव घेतली, पुन्हा मीठ. तिसऱ्या वेळी तिनं माझ्याकडे चमचा धरला. मी चाखलं. ते चांगलं झालं होतं. तिला विचारल्यावर ती म्हणाली, चांगलं आहे, पण या तोर्तेल्ली नाहीत. आणि तिनं एकवीस पुड्या वळल्या, त्यांच्या कडा काट्यानं न दाबता बोटानं दाबल्या, म्हणजे उकडताना साठ जणांच्या पुड्यांत मिसळल्या तरी ओळखू याव्यात.

माझा उपास आपल्याला पटला असं ती कधीही म्हणाली नाही. देवानं वासरू माणसासाठीच दिलं आहे असं ती मानते, आणि त्याबद्दल आभार न मानता खाणं तेवढं पाप आहे असंही मानते. जेवणाआधी तिचे ओठ हलतात. मी तिच्याशी वाद घातला नाही. रात्री अंगणात तिनं माझं ताट स्वतः आणून ठेवलं आणि शेजारी बसली. दव उशिरा पडलं, टेबलक्लॉथ ओला होईपर्यंत कुणी उठलं नाही. तेव्हा आळंदीची पालखी वाटेवर होती. सहा दिवसांनी, २९ जूनला आषाढी एकादशी झाली, तेव्हा मी दोन उकडलेले बटाटे आणि भाजलेले बदाम खाल्ले. शेंगदाणे नव्हते. नोन्ना शुक्रवारी मांस खात नाही; त्या दिवशी शुक्रवार नसूनही तिनं माझ्याबरोबर मांस खाल्लं नाही.

ऑक्टोबरअखेर मी घरी आले. नोव्हेंबरात कार्तिकी होती, आबांची तयारी चालली होती. गोठ्यात तांबडीची लेक विणार होती. बाबा म्हणाले, आता कालवडच होणारी कांडी भरून घेतलीय, गोऱ्ह्याचा प्रश्नच नाही. निवडक वीर्याच्या कांडीचं हे तंत्र चांगलं आहे आणि त्यानं कितीतरी गोऱ्हे घाटात सोडायचे वाचतील. न जन्मलेल्याचा वाटा कुणी काढायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी आई धार काढत होती. आमच्याकडे एक सड वासरासाठी सोडतात. गोठ्यात वासरू असतं तोपर्यंत. मी बाबांना विचारलं, त्या गोऱ्ह्याचं काय केलं होतं?

बाबांनी आधी आबांकडे बघितलं. मग म्हणाले, "आता सांगून काय हुतंय?"

"काय नाही. मला माहीत पाहिजे."

त्यांनी सांगितलं. शेजारच्याचा टेम्पो, रात्रीचे अकरा, पलीकडच्या तालुक्यातली एक गोशाळा, बंद फाटक. आत जागा नव्हती हे त्यांना आधीच माहीत होतं. फाटकाला बांधून आले. तांबडी तीन दिवस हंबरत होती, पान्हा सोडत नव्हती, मग चौथ्या दिवसापासून नीट देऊ लागली. ते दूध डेअरीला गेलं. त्या पगारात माझ्या नववीच्या शिकवणीची फी भरली होती, हेही त्यांनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

आई धार थांबवून ऐकत होती. बाबा म्हणाले, "गळ्यातलं दावं सोडून आणलं हुतं. नुसत्या सुतळीनं बांधला. दावं म्हटलं चांगलं हाय, परत लागंल."

ते गोठ्यातल्या आतल्या खुंटीला होतं, कडब्याच्या मागे. मी काढून हातात घेतलं. लाल-पिवळ्या सुताचं, तिपेडी, एवढंसं. गळ्याला बसलेली गाठ कुणी सोडली नव्हती.